मशीन बरोबर असल्याचा दाखला

एकाच बादलीतलं दूध मी दोन ग्लासांत ओतलं. एक ग्लास काउंटर एकच्या मशीनखाली धरला, दुसरा काउंटर दोनच्या. मागं भिंतीवरचा नळ ठिबकत होता. टेबलाच्या पलीकडं मालनबाई उभ्या होत्या, हातात रिकामी किटली घेऊन. किटली आतून-बाहेरून फडक्यानं पुसून कोरडी ठणठणीत केलेली होती.

पाऊण मिनिटानं कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर आकडे आले. काउंटर एक, फॅट ६.४. काउंटर दोन, फॅट ६.४.

"दोन्ही मशीन बरोबर आहेत," मी म्हणालो.

दूध संस्थेचा सचिव तानाजी खुर्चीत मागं रेलला. "बघा मावशी. आता इंजिनेर साहेबबी सांगालेत."

"मशीन बरोबर आसंल," मालनबाई म्हणाल्या. "माझ्या दुधात पाणी न्हाय."

"मग फॅट कशानं पडालीया?"

त्याचं उत्तर माझ्याकडं असायला हवं होतं. मी कोल्हापुरातल्या एका छोट्या कंपनीत काम करतो. गावोगावच्या दूध संस्थांना आम्ही कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर बसवून देतो, आणि ते बंद पडलं की शिव्या खायला जातो. मुरगूडच्या अलीकडच्या या गावातली सगळी यंत्रणा मीच बसवली होती. त्यामुळं तपासायलाही मीच आलो होतो. स्वतःचा पेपर स्वतःच तपासायचा म्हटल्यावर पोरगं जसं तपासेल, तसा मी तपासला.

ज्यांनी कधी डेरीत दूध घातलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. प्रत्येकाच्या दुधाचा थोडासा नमुना मशीनला पाजतात. मशीन त्यातली फॅट, म्हणजे स्निग्धांश, सांगतं. दुसरा आकडा एसएनएफचा, म्हणजे पाणी आणि फॅट सोडून दुधात जे काही घट्ट उरतं त्याचा. म्हशीच्या चांगल्या दुधाला सहाच्या वर फॅट लागते. पाणी घातलं की दोन्ही आकडे एकाच वेळी खाली येतात. त्यामुळं दोन्ही पडले की लोकांना वेगळं काही विचारावं लागत नाही.

मालनबाईंच्या दोन म्हशी होत्या. आधी त्यांच्या दुधाला साडेसातच्या वर फॅट लागायची, गावात सगळ्यांत जास्त. दसऱ्यानंतर ती पाचवर आली आणि दोन महिने तिथंच राहिली. आकडे डेरीबाहेरच्या लाल दिव्यांच्या बोर्डावर दिसतात. रांगेतला प्रत्येकजण ते वाचतो. दोन महिने रोज सकाळ-संध्याकाळ त्या बाईनं तो बोर्ड पाहिला आणि लोकांनी त्या बाईकडं.

पूर्वी लॅक्टोमीटर असायचा, दुधात बुडवायची काचेची नळी. त्यानं दोन मिनिटांत काहीतरी कळलं असतं. पण मशीन आल्यावर तो फुटला आणि नवा कुणी आणला नाही. मशीन असताना काचेची नळी कशाला, असं मीच तानाजीला म्हणालो होतो.

"साहेब," मालनबाई मला म्हणाल्या, "आताचं हे दूध टाकीतलं. सगळ्या गावाचं मिसळल्यालं. माझं एकलीचं दूध घाला की मशीनमधी. उद्या सकाळी या. मी तुमच्या म्होरं काढतो, म्होरं घालतो."

उद्या मला जोतिबाच्या बाजूच्या एका गावात नवीन मशीन बसवायचं होतं. आणि माझ्या दृष्टीनं प्रश्न संपला होता. दोन मशीन, एकच दूध, आकडा सारखा. यापुढं तपासायचं काय?

"मावशी, त्याची गरज नाही," मी म्हणालो. "मशीनला माणूस ओळखता येत नाही. दूध कुणाचंही असो, ते खरंच सांगणार."

हे वाक्य मी फार ठिकाणी वापरलं होतं. लोकांना ते पटतं. मालनबाई किटली उचलून गेल्या.

तानाजीनं मग चहा मागवला आणि म्हणाला, "लेटरहेडवर लिवून द्या साहेब. कमिटीला कागद लागतोय." मी लिहून दिलं. दोन्ही मशीन तपासली, योग्य असल्याचं आढळलं. खाली सही, शिक्का. त्या कागदाच्या जोरावर कमिटीनं पुढच्याच बैठकीत मालनबाईंचं दूध बंद केलं.

आता माझी करामत सांगतो.

संस्थेच्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे. कॉम्प्युटरला दुधाची दोन मशीन जोडलेली. प्रत्येक मशीनची वायर एका छोट्या कन्व्हर्टरमधून यूएसबीच्या भोकात जाते. लिनक्सला एखादं उपकरण सापडलं की तो त्याला नाव देतो. पहिलं सापडलं त्याला शून्य नंबर, दुसऱ्याला एक नंबर. पण पहिलं कोणतं सापडेल याचा नेम नाही. लाइट गेली, परत आली, की कधी हे आधी, कधी ते. आज शून्य नंबरवर काउंटर एकचं मशीन, उद्या काउंटर दोनचं. खेड्यात लाइट दिवसातून चारदा जाते. सुरुवातीला तानाजी रोज फोन करायचा. "साहेब, एरर आलाय." सॉफ्टवेअरमध्ये मी एक तपासणी घातली होती. प्रत्येक वेळी सुरू होताना ते विचारायचं, काउंटर एकच्या मशीनमध्ये पाणी घाला, शून्य एकच्याच रकान्यात येतंय का बघा. ते झाल्याशिवाय पुढं जायचं नाही. बाहेर शंभर माणसं किटल्या घेऊन उभी आणि तानाजी पाणी पाजतोय. लोक त्याला बोलायचे, तो मला बोलायचा.

यावरचा पक्का उपाय म्हणजे युडेव्ह रूल. ही एक छोटी फाइल असते. तिच्यात आपण लिनक्सला सांगून ठेवतो की अमुक ओळखीचं उपकरण आलं की त्याला अमुकच नाव द्यायचं, मग ते आधी येवो की नंतर. ओळख म्हणजे त्या उपकरणाचा सिरियल नंबर. चांगल्या कन्व्हर्टरमध्ये तो असतो. आमच्याकडं आलेल्या कन्व्हर्टरमध्ये नव्हता. दोन्ही आतून-बाहेरून एकसारखे, जुळ्या भावांपैकी कोण कोण हे आईलाही कळू नये असे.

नंबरवाले मागवायचे तर आठ दिवस लागणार होते. कंपनी चालवणाऱ्या आमच्या सरांनी विचारलं, "दुसरं काही होत नाही का?"

होतं. उपकरण ओळखता येत नसेल तर भोक ओळखायचं. मी रूल लिहिला की डावीकडच्या वरच्या भोकात जे असेल ते काउंटर एक आणि खालच्या भोकात जे असेल ते काउंटर दोन. दोन ओळींचं काम. लाइट घालवून, आणून दहा वेळा पाहिलं. नावं हलली नाहीत. मग ती पाणी पाजायची तपासणी मी काढून टाकली, कारण आता तिची गरज नव्हती. तानाजीनं मला मुरगूडला नेऊन मिसळ खायला घातली.

त्या भोकांशेजारी एक आणि दोन असं लिहिलेली चिकटपट्टी लावायची होती. बॅगेत पट्टी नव्हती. पुढच्या वेळी लावू म्हटलं. आणि ही भोकं आता महत्त्वाची आहेत, वायर अदलाबदल करू नका, हे मी तानाजीला सांगितलं नाही. विसरलो असं म्हणता येईल, पण ते खरं नाही. सांगितलं तर हा माणूस जरा धक्का लागला की फोन करणार, असा विचार मनात आला होता आणि मी तो ऐकला. आधी यंत्रणा चुकली की ओरडायची. मी तिचं तोंड बंद करून ठेवलं आणि घरी आलो.

मालनबाईंचं दूध बंद होऊन तीन आठवडे झाले असतील. तानाजीचा फोन आला.

"साहेब, मशीन बिघडलंय. आजच्या आज या."

"काय झालं?"

"चेअरमनांच्या भावजयीची फॅट पडलीया. पाच लागालीया. चेअरमन लई तापल्यात."

उद्या सकाळी येतो म्हणालो. मालनबाईंची फॅट पडली तेव्हा दूध बिघडलेलं होतं. ही पडली तेव्हा मशीन. हे तानाजीच्या लक्षात आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही ते उशिराच लक्षात आलं. फोन ठेवल्यावर मीसुद्धा आधी मशीनचाच विचार करू लागलो होतो. गेल्या वेळी मी बाईंचा विचार केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. कळंब्यावरून गारगोटी रोडनं मुदाळ तिट्टा, तिथून आत. पोचलो तेव्हा संकलन नुकतंच संपलं होतं. कॉम्प्युटर चालू होता. फाइल उघडून पाहिली. रूल जसाच्या तसा होता, एक अक्षर बदललेलं नव्हतं. मनात म्हटलं, आपलं काम पक्कं आहे. मग मशीन. त्यांच्या अंगावर स्वतःचा छोटा डिस्प्ले असतो, पण दुधाचे शिंतोडे उडतात म्हणून दोन्हींवर प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवली होती. काउंटर दोनची पिशवी सोडली. नळी चिकट झाली होती. म्हटलं, आधी धुऊन घेऊ. मागच्या नळाचं ग्लासभर पाणी घेतलं आणि काउंटर दोनच्या मशीनला पाजलं.

पाऊण मिनिट झालं. मी सहज स्क्रीनकडं पाहिलं.

काउंटर एक, फॅट ०.०.

काउंटर दोनच्या रकान्यात काहीच नव्हतं.

मी ग्लास खाली ठेवला. खात्री करायची गरज नव्हती, तरी केली. काउंटर एकच्या मशीनला पाणी पाजलं. शून्य आलं काउंटर दोनच्या रकान्यात.

"तानाजीराव, या वायर कुणी काढल्या होत्या?"

"कुणी न्हाय. म्या कुणाला हात लावू देत न्हाय."

"कधीच नाही?"

तो विचार करू लागला. "खंडेनवमीला तेवढं काढलेल्या. मशीन पुजायची म्हटल्यावर धूळ घिऊन कशी पुजायची? सगळं सोडवून पुसलं, हळदकुकू लावलं, हार घातला. परत जशाच्या तशा लावल्या की. तवापास्नं चालूच हाय, एक दिस बंद न्हाय."

कॉम्प्युटरच्या डब्यावर कुंकवाचं बोट अजून होतं. डाव्या बाजूला, दोन भोकांच्या शेजारीच. तानाजीनं मनापासून पूजा केली होती. दोन काळ्या वायर, दोन सारखे कन्व्हर्टर, वर-खाली दोन भोकं. कोणती कुठं लावायची हे त्याला कसं कळणार? वरची वायर खाली गेली, खालची वर. माझ्या रूलनं बरोबर त्याचं काम केलं. वरच्या भोकात आहे ना, मग हे काउंटर एक.

खंडेनवमीपासून, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवसापासून, काउंटर एकच्या माणसाला काउंटर दोनवरचा आकडा लागत होता आणि काउंटर दोनच्या माणसाला एकवरचा. मी मात्र दोन्ही मशीनला एकच दूध पाजून, दोन्ही आकडे सारखे आले म्हणून शिक्का मारून गेलो होतो. सारख्याची अदलाबदल झाली तरी सारखंच दिसणार. एवढं कळायला शाळेत जायची गरज नव्हती.

मग गावात बाकी कुणाला का कळलं नाही? तेही पाहिलं. दोन्ही रांगांतून एकेक जण पुढं येतो, दोन्हीकडचे आकडे आले की तानाजी एंटर दाबतो, मग पुढचे दोघे. आकडा लागायचा तो शेजारच्या रांगेतल्या जोडीदाराचा. बहुतेकांचं दूध साधारण सारखंच, आणि जोडीदारही रोज बदलणारा. थोडं इकडं-तिकडं झालेलं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मालनबाईंचा जोडीदार मात्र बदलत नसे. त्या काउंटर दोनच्या रांगेत सगळ्यांत शेवटी उभ्या राहायच्या. कितीही लवकर आल्या तरी बाजूला थांबायच्या आणि शेवटी यायच्या. तानाजीला विचारलं, का?

तो जरा अडखळला. "तसं काय न्हाय साहेब. आता कोण काय म्हणत न्हाय. त्यांची सासूबी तशीच थांबायची. पडलीया सवय."

मालनबाई बौद्धवस्तीतल्या. त्यांच्या सासूला कुणी कधीकाळी मागं थांबायला सांगितलं असेल. सुनेला कुणी सांगितलं नव्हतं, आणि पुढं या असंही कुणी म्हटलं नव्हतं.

काउंटर एकच्या रांगेत शेवटी यायचा दिनकर. त्याचं कारण वेगळं. तो मोटरसायकलवर दोन कॅन लटकावून उशिरा यायचा. नोंदी नीट लावून पाहिल्यावर कळलं की तो दुधात पाणी घालायचा, आणि रोज ते पाणी बोर्डावर मालनबाईंच्या नावानं झळकत होतं. मालनबाईंचं साडेसात फॅटचं दूध त्याच्या नावावर. आकडा वाढला म्हणून तक्रार कोण करतं? त्यांचं दूध बंद झाल्यावर दोनच्या रांगेत शेवटी येऊ लागल्या चेअरमनांच्या भावजय. म्हणून आता त्यांची फॅट पडली.

मी वायर बरोबर लावल्या. एक मिनिटही लागलं नाही. मग तानाजीला सगळं समजावून सांगितलं. तो टेबलावर दोन्ही हात टेकून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हंजे मावशीच्या दुधात..."

"काही नव्हतं."

तो उठून बाहेर गेला. बराच वेळ आत आला नाही. मी खिडकीतून पाहिलं तर पायरीवर बसला होता. मला त्याचा राग आला नाही. त्यानं मशीनची पूजा केली होती, त्यात त्याचं काय चुकलं? चुकलं ते माझं.

तासाभरात संस्थेचे चेअरमन आले. अंगानं भक्कम माणूस, आवाज डेरीबाहेर जाणारा. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिलं विचारलं, "आता भावजयीचं बरोबर लागंल काय?"

"लागेल."

"मग झालं की."

"मालनबाईंचं दूध चुकीनं बंद केलंय," मी म्हणालो. "तसा कागद मी देतो. माझा आधीचा दाखला चुकीचा होता असं लिहून देतो."

"द्या की. फायलीला लावू. त्यास्नी म्हणावं घाला परत दूध. आमी न्हाय म्हटलंय काय? पण पावणं, गाजावाजा नको. गेल्या म्हैन्यात वर्धापनदिन झालाय. दिनकऱ्याचा फेटा बांधून सत्कार केलाय आमी. जास्त फॅटचा पैला नंबर. स्टीलची किटली दिलीया. आता काय काढून घ्यायची व्हय?"

दिनकर बाहेरच होता. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. मी त्याला विचारलं, पाणी घालताना चांगली फॅट कशी लागते असं कधी वाटलं नाही का?

"मशीननं दिलं, म्या घेतलं," तो म्हणाला. "म्या मागाय गेलतो काय?"

मशीन खरंच सांगतं, असं गावाला शिकवलं होतं मीच. दिनकरला कमिटीनं पुढं समज दिली म्हणे. दूध बंद केलं नाही.

मालनबाईंचं घर गावाच्या खालच्या टोकाला. तानाजी सोबत यायला तयार नव्हता. "कुठल्या तोंडानं येऊ?" म्हणाला. मी एकटा गेलो. अंगणात गोठा होता, पत्र्याचा, शेणानं स्वच्छ सारवलेला आणि रिकामा. दाव्याचे दोन खुंट उभे होते. मालनबाई कुणाच्या तरी शेतात तण भांगलून नुकत्याच आल्या होत्या, पदर डोक्याला तसाच बांधलेला.

"म्हशी?" मी विचारलं.

"इकल्या. मुरगूडच्या बाजारात." त्यांनी मला बसायला पोतं टाकलं. "दूध कुणी घीना. गावात दुसरी डेरी हाय, तितं आमच्या आधी बातमी गेलती. मग दोन म्हशींचं दूध ओतू कुठं?"

संस्थेला दिलेल्या कागदाची प्रत मी काढली आणि वाचून दाखवली. अमुक तारखेच्या दाखल्यात दिलेला निष्कर्ष चुकीचा होता. वायरच्या अदलाबदलीमुळं श्रीमती मालनबाई यांच्या दुधाची नोंद दुसऱ्या सभासदाच्या नावे होत होती. त्यांच्या दुधात भेसळ नव्हती.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "दोन म्हैने म्या किटली तीनतीनदा पुसालतो. म्हशीला काय झालं म्हणून डाक्टर आणला. पेंड बदलली. मालकांनीबी एक दिस इचारलं, खरं सांग, घालतीस काय गं पाणी. तवा जेवान ग्वाड लागलं न्हाय."

"चूक माझी होती, मावशी."

"ह्यो कागद डेरीत वाचून दावला काय?"

"नाही. फाइलला लावलाय."

"मग मला कशापायी वाचून दावालाय?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "माझ्या दुधात पाणी न्हवतं हे मला ठावंच हाय की. ज्यांस्नी ठावं न्हाय, त्यांच्यात जाऊन वाचा."

चहा घ्या असं म्हणाल्या. मी घेतला. नाही म्हणण्याइतकंही धैर्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संकलनाच्या वेळी डेरीत उभं राहून तो कागद वाचायचा, असं मी ठरवलं. ऑफिसात सरांना सांगितलं.

"भाषण करायला जाणार आहेस का?" ते म्हणाले. "टेक्निकल रिपोर्ट दिलायस ना? बास. त्या चेअरमनच्या शब्दावर आपल्या आजूबाजूच्या सात संस्था आहेत."

"सर, त्या बाईनं म्हशी विकल्या."

"मला वाईट वाटतंय. पण तू वाचल्यानं म्हशी परत येणार आहेत का?"

तरीही मी गेलो. साडेसहाला पोचलो. रांगा लागल्या होत्या. चेअरमन आज मुद्दाम आले होते आणि दाराशी खुर्ची टाकून बसले होते. माझ्याकडं बघून मान हलवली, "या पावणं, चहा घ्या." शंभर माणसं होती. कागद खिशात होता. मी तो काढला, उलगडला, आणि चालत जाऊन नोटीस बोर्डावर टाचणीनं लावला. वाचला नाही. लोकांनी माझ्याकडं पाहिलं आणि परत लाल आकड्यांच्या बोर्डाकडं पाहू लागले. कागदासमोर कुणी थांबलं नाही. पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा त्या जागी पशुखाद्याची जाहिरात होती.

मालनबाई परत डेरीत आल्या नाहीत. त्यांच्या जागी शेवटी आता दुसरं कुणीतरी उभं राहतं.

आता आमच्याकडं सिरियल नंबरवाले कन्व्हर्टर आहेत. भोकांशेजारी मी ऑइलपेंटनं आकडे रंगवतो, खंडेनवमीच्या फडक्यानंही जाऊ नयेत असे. काढून टाकलेली ती तपासणी परत घातलीय. दोन मशीन तपासताना दोन्हींना एकच दूध पाजत नाही, एकाला दूध आणि दुसऱ्याला पाणी पाजतो. कुणी विचारलं तर सांगतो की सारखे आकडे आले म्हणजे यंत्र बरोबर, असं नसतं.

एवढं शिकायला मला एक ग्लास पाणी पुरलं असतं. त्या पहिल्या दिवशी, मालनबाई समोर कोरडी किटली घेऊन उभ्या असताना. नळ माझ्या मागेच ठिबकत होता.